पाळण्याजवळचा भित्रा कान

मी एक बेबी मॉनिटर बोलतोय. माझे दोन तुकडे आहेत. एक वरच्या खोलीत पाळण्याजवळ, दुसरा खाली सूनबाईंच्या शिलाई मशीनशेजारी. वरचा आवाज खाली न्यायचा आणि खालचा वर, एवढंच माझं काम. पण जीव सशाचा! बाळ शिंकलं तरी माझा लाल दिवा लुकलुकतो.

या घरात आलो तेव्हाच मला घोर लागला. बाळाला सांभाळणार आजी, त्यांना येते फक्त मराठी. खाली कपडे शिवणारी सून बोलते स्पॅनिश. दुवा एकच, आजींचा मुलगा, आणि तो दिवसभर कामावर. वर काही झालं तर आजी सांगणार कशा?

मुलाने तोड काढली. "आई, जे करशील ते करता करता स्पॅनिशमध्ये बोलत जा. पुसतेस ना, मग 'पुसतेय' म्हण. बाळ झोपलं की 'झोपतंय' म्हण. आपोआप बसेल तोंडात."

मग काय! आजी दुपट्यांच्या घड्या घालताना बोलत, बाटली धुताना बोलत. "एस्तोय लावांदो", म्हणजे मी धुतेय. "एस्ता दुर्मिएंदो", म्हणजे बाळ झोपतंय. मुलाने अडीअडचणीसाठी एक वाक्य जास्तीचं दिलं होतं, "से एस्ता आओगांदो". बाळ गुदमरतंय. आजींना त्याचीच धास्ती, म्हणून त्याचाच सराव जास्त. तोही माझ्यासमोर उभं राहून, खणखणीत आवाजात.

पहिल्यांदा सूनबाई तोंडात टाचणी धरून धावत वर आल्या. बाळ गाढ झोपलेलं. दोघी पोट धरून हसल्या. पुढे पुढे त्या येईनाशा झाल्या. मला मात्र हसू आलं नाही. लांडगा आला रे आलाची गोष्ट मलाही ठाऊक आहे.

एका दुपारी सूनबाई बाळाला पाजून खाली गेल्या. त्यांच्या कपड्यांना अडकून आलेलं एक बटण पाळण्यात पडलं होतं. बाळाने ते तोंडात घातलं. मला आधी घरघर ऐकू आली, मग तीही थांबली. इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो.

आजी माझ्याकडे धावल्या. "से एस्ता आओगांदो!" एक अक्षर चुकलं नाही.

खाली मशीन चालूच. सूनबाईंनी माझं बोलायचं बटण दाबलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "मुय ब्येन!" म्हणजे छान, शाबास. ती शाबासकी मलाच वर पोचवावी लागली.

आजींनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मशीन थांबेना. मग त्यांचं सगळं स्पॅनिश गळून पडलं.

"अगं पोरी, धाव गं! माझं लेकरू गेलं गं!"

सूनबाईंना यातलं काही कळलं नाही. पण सराव मराठीत कधीच नसतो, एवढं कळलं. मशीन थांबलं. जिना धडधडला. त्यांनी बाळाला हातावर पालथं घेऊन पाठीवर थापट्या मारल्या. बटण टपकन पडलं आणि बाळ रडलं. असं गोड रडणं मी कधी वाहून नेलं नव्हतं.

आता आजींचा सराव स्वयंपाकघरात चालतो, माझ्यापासून लांब. माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे, माझ्यासमोर खोटं संकट बोलू नका. मला खरं-खोटं कळत नाही, मी आपला पोचवतो.

हल्ली सूनबाईही मराठी शिकतात. "बाळ हसतंय", "बाळ खातंय". धावा करायचे शब्द मात्र आजी त्यांना शिकवत नाहीत. म्हणतात, "ते तिला न कळलेलेच बरे. कळले नाहीत म्हणून तर ती धावली."