साक्रीच्या भट्टीला गेलेला तडा

मित्रांनो, साक्रीच्या बाजारात पाव भाजणारी मी एक म्हातारी भट्टी. अंग विटांचं, पोटात बाभळीचा जाळ. आता बोलायलाही दम लागतो. पण आज थोडं बोलते.

सत्तारभाईंच्या वडिलांनी मला बांधलं. पुढे सत्तारभाईंनी टोस्ट, खारी, बटर भाजून दुकानाचं नाव केलं. बाजारकरी माणूस माझा टोस्ट घेतल्याशिवाय गावाकडे परतत नसे. पण माझी खरी धांदल दिवाळीआधी. गावोगावच्या बाया रवा, मैदा, तूप, साखर घरून आणायच्या नि नानकटाई भाजून न्यायच्या. आपली ओळखू यावी म्हणून कुणी वर लवंग खोचे, कुणी चारोळी. तरी भांडण व्हायचंच.

"ही मनी शे व माय, लवंग देख ना!" पुष्पाबाई म्हणायच्या.

"लवंग काय तुनाच घरमा पिकस?" सुगंधाबाईंचं उत्तर तयार.

सत्तारभाई दोघींच्या हातावर एकेक गरम नानकटाई ठेवायचे. तोंडं भरली की भांडण संपे.

यंदाच्या पावसाळ्यात सत्तारभाई गेले. दुकान बंद राहिलं आणि जन्मात पहिल्यांदा मी गार पडले. अशा गार भट्टीला बारीक काटक्यांनी, दिवसेंदिवस, हळूहळू तापवायचं असतं. पण दिवाळी जवळ आली, बाया डबे घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि सत्तारभाईंचा मुलगा तौसिफ गांगरला. त्याने एकदम मोठाली लाकडं पेटवली.

"हळू, बेटा, हळू!" त्याची आई हमीदाबी ओरडल्या. तोवर माझ्या घुमटाला तडा गेला होता.

"पाडून टाकू हिला. विजेचं मशीन आणतो," तौसिफ म्हणाला. म्हणताना डोळे पुसत होता.

"अब्बा गेल्यावर तू तरी एका दिवसात उठलास का रे?" हमीदाबी म्हणाल्या. "आणि हिला दुपारपर्यंत उठवायला निघालास."

बायांकडे बघवेना त्याला.

"आमी थांबसूत रे बेटा," पुष्पाबाईच म्हणाल्या. "दिवाळी काय पळी जास?"

मग त्याने माती कालवली, तडा लिंपला. सुकू दिला. आता रोज सकाळी माझ्यापुढे उकिडवा बसून काटक्या सारतो. तडा अजून ठणकतो. दिवाळीनंतर मला ठेवतील की पाडतील, ते अजून ठरलेलं नाही.

मित्रांनो, मागणं एवढंच. कुणी गार पडलं असेल, भट्टी असो की माणूस, त्याच्यावर एकदम आग ओतू नका. आधी एक काडी लावा. जरा थांबा. मग दुसरी.