जिवंत बापाचा दुखवटा

प्रभाकर खासनीस पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आत आला, कोण दांडी मारून बहिणीच्या लग्नाला गेला आणि त्या एकाच बहिणीचं आतापर्यंत कितव्यांदा लग्न लागलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. माणूस सरळ. खोटं बोलत नसत. खरं असेल त्याला जरा खतपाणी घालत, एवढंच.

आणि सगळ्यात जास्त खत पडे ते सुरेंद्रवर. सुरेंद्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चिंचवडच्या त्या कॉलनीत असा एकही माणूस नव्हता ज्याला सुरेंद्रच्या बुद्धीची कथा ऐकावी लागली नव्हती. पाळण्यात असताना हा पोरगा म्हणे अंगाईनं झोपत नसे, अडीचकीचा पाढा म्हटला की झोपे. तिसरीत असताना त्यानं मास्तरांना भूगोल समजावून सांगितला आणि मास्तरांनी बदली मागून घेतली. लोक हसत. सुरेंद्र मात्र अशा वेळी मान खाली घालून तिथून निघून जाई. वडील म्हणत, ‘‘बघा, विनय किती!’’

एकोणऐंशी सालची दहावीची परीक्षा. सुरेंद्र पुण्यातल्या नावाजलेल्या शाळेत जात होता, कारण जवळच्या शाळेत घालणं खासनिसांना कमीपणाचं वाटे. निकालाच्या आदल्याच संध्याकाळी त्यांनी पेढे वाटले. इतके वाटले, की कॉलनीतल्या मुंग्या आठवडाभर साखरेकडे ढुंकून बघत नव्हत्या!

दुसऱ्या दिवशी सुरेंद्र घरी आला तो गणितात नापास होऊन.

आई, पद्मजाबाई, पुढे झाल्या. पण खासनिसांनी हातानं त्यांना थांबवलं आणि मुलाला एकच प्रश्न विचारला,

‘‘कुणाला सांगितलंस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग सांगू नकोस.’’

झालं. सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या आपटीवर त्या घरात झालेलं बोलणं ते एवढंच!

संध्याकाळी कॉलनीत बातमी गेली, फर्स्ट क्लास. पुण्याच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश. पद्मजाबाई रात्री दबक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘अहो, ऑक्टोबरला बसू दे त्याला. एकच तर विषय आहे.’’

‘‘ऑक्टोबरला नापासच बसतात, ते कळल्याशिवाय राहतंय? पुढच्या मार्चला गुपचूप बसवू. तोवर रोज सकाळी सायकल काढायची, संध्याकाळी यायचं. मधे कुठं लायब्ररीत बसून अभ्यास करावा. काय अवघड आहे त्यात?’’

सुरेंद्र रोज सकाळी सातला दप्तर, डबा घेऊन निघू लागला. खरंच, काही अवघड नव्हतं. तो फक्त बोलेनासा झाला. कॅरमबोर्ड पलंगाखाली गेला. रेडिओवर आवडीचं गाणं लागलं तरी त्याची मान वर होईना. पद्मजाबाईंनी हे सांगितलं, तेव्हा खासनीस खूश झाले.

‘‘अगदी कॉलेजातला अभ्यासू मुलगा दिसतो. लोकांना शंकासुद्धा येत नाही.’’

त्यातच कॉलनीच्या गणेशोत्सवाचे अध्यक्ष उद्धवराव घरी आले. यंदा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करायचं ठरलंय, पहिलं नाव सुरेंद्रचं. एखाद्याच्या तोंडचं पाणी पळालं असतं. खासनीस म्हणाले, ‘‘एवढं कशाला? पण तुमचा आग्रहच असेल तर...’’ आतल्या खोलीत सुरेंद्र होता. त्यानं ते ऐकलं.

श्रावणातला गुरुवार उजाडला. आपल्या या कारखान्यांच्या गावात रविवार गुरुवारी येतो, हे सांगायला नकोच. सुट्टी म्हणून खासनीस बनियनवर, झोपाळ्यावर पेपर वाचत बसले होते. सुरेंद्र ‘कॉलेजात’ गेला होता. दाराची कडी वाजली.

दारात पन्नाशीचं एक जोडपं. पुरुषाच्या डोक्याला फेटा, बाईच्या हातात कापडी पिशवी. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि खासनिसांकडे पाहत हलक्या आवाजात विचारलं,

‘‘खासनीसांचं घर ह्येच न्हवं? आपण मयताचे भाऊ जनू?’’

‘‘कोण मयत?’’

‘‘सुरेंदरचं वडील वो. लई वाईट झालं बघा. आमी दापोडीचं. फाटकाजवळ आमची खानावळ हाय. मी मंजुळाबाई, हे आमचं मालक, दौलतराव. पोराच्या डब्यावर नाव कोरलंय, चिंचवड म्हणून तो बोलला हुता. तेवढ्यावरनं ईचारत ईचारत आलो. त्याच्या आईला भेटायचं हुतं.’’

खासनिसांच्या हातातला पेपर गळून पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडेना. नेमक्या त्याच वेळी पिठाचे हात घेऊन पद्मजाबाई बाहेर आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या!

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या किंचाळल्या, ‘‘अगं बया!’’ पिशवीतून डोकावणारं दुखवट्याचं पांढरं पातळ त्यांनी घाईघाईनं आत कोंबलं. दौलतरावांनी फेटा सारखा केला. सुरेंद्रसाठी आणलेली कोरी टोपी तेवढी त्यांच्या हातात राहिली. ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. या मंडळींनी गेटवर साहेबराव वॉचमनला ‘जिथं माणूस वारलं ते खासनीसांचं घर कुठलं’ असं विचारलं होतं. साहेबराव हबकला. सकाळी तर खासनीस दूध घेऊन गेलेले त्यानं पाहिले होते! त्यानं ही गोष्ट एकालाच सांगितली. तळमजल्यावर बातमी हार्ट अटॅकची होती. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत विजेचा धक्का बसला होता. वरच्या मजल्यावर खासनीस कारखान्याच्या प्रेस मशीनखाली सापडले, तेही सुट्टीच्या दिवशी! उद्धवराव तर जिना चढता चढता मनात शोकसभेचं भाषण जुळवत होते, आणि भाषण चांगलं जमत आलं होतं.

दारात बनियनमधले खासनीस दिसल्यावर सगळा जिना थबकला.

‘‘खासनीस, तुम्ही... आहात?’’ उद्धवरावांच्या आवाजात आनंद होता, पण थोडी निराशाही होती.

‘‘आहे ना! अहो, हे लोक चुकीच्या घरी आलेत.’’ खासनिसांना अखेर शब्द सापडले आणि सवयीनं खोटेच सापडले. ‘‘आमचा सुरेंद्र पुण्याला कॉलेजात आहे. यांचा दुसराच कुणीतरी मुलगा. जा हो बाई, पुढच्या बिल्डिंगमध्ये चौकशी करा.’’

मंजुळाबाई हलल्या नाहीत. त्यांनी पद्मजाबाईंकडे पाहिलं.

‘‘बाई, हनुवटीवर तीळ हाय? काळी सायकल, घंटीला लाल दोरा?’’

पद्मजाबाई दोन पावलं पुढे आल्या. ‘‘माझाच आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुठं आहे तो?’’

‘‘आमच्याकडं हाय. सुखरूप हाय, घाबरू नगा. माझ्या दिराला, ज्योतीरामाला, त्याच्याजवळ बसवून आलोय. दोन म्हयनं झालं, रोज येतंय लेकरू. पहिल्या दिशी ओट्यावर नुसतं बसून राहिलं. म्या म्हणलं, बाळा, साळा-कालिज न्हाई व्हय? तर म्हणलं, वडील न्हाईत मला. म्हणलं, बस बाबा. बटाटं सोलतंय, पाणी भरतंय, पर बोलत न्हाई. जेवाय बसवलं तर दोन घास खातंय.’’

‘‘पण आजच का आलात?’’ पद्मजाबाईंनी विचारलं.

मंजुळाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘काल भांडी ईसळताना मला म्हणलं, मावशी, एखादं माणूस घरातनं कायमचं गेलं, तर घरच्यांचं खरंच काय अडतं का? म्या हातातलं ताट टाकलं. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. म्हणलं, बाप गेल्याचं दुक्क पोराला खातंय. आईच्या कानावर घातलंच पायजे.’’

वाचकहो, कारखान्यातल्या दीड हजार माणसांतला एक जण पाच मिनिटं उशिरा आला तरी ज्यांना कळे, त्यांना आपला मुलगा दोन महिने कुठं होता हे माहीत नव्हतं! तो कुठल्या कड्यावर उभा होता, हे तर मुळीच माहीत नव्हतं!

उद्धवराव चाचरत म्हणाले, ‘‘खासनीस, हे काय ऐकतोय मी? सुरेंद्र तर फर्स्ट क्लास...’’

अजून वेळ होती. अजून एक गोष्ट रचता आली असती. मुलगा समाजसेवा करतो, खानावळीत गरिबांना वाढतो, असं काहीतरी. खासनिसांच्या जिभेवर ते आलंही असावं. पण त्यांची नजर दौलतरावांच्या हातातल्या कोऱ्या टोपीवर गेली. बाप मेल्यावर मुलाच्या डोक्यावर ठेवायची टोपी.

‘‘नापास झाला तो,’’ खासनीस म्हणाले. ‘‘गणितात. फर्स्ट क्लास मी दिला त्याला. कॉलेज मी काढलं. त्याचा सत्कार मी कबूल केला. त्यानं काहीच केलेलं नाही. तो फक्त माझं खोटं रोज सायकलवर घालून हिंडवत होता.’’

मग ते झोपाळ्यावर बसले आणि चारचौघांत ढसाढसा रडले.

मंजुळाबाईंना आता सगळा उलगडा झाला आणि त्या भडकल्या. ‘‘म्हंजी बाप जित्ता असून पोर पोरकं? साहेब, माझ्या हिथं वीस-वीस पोरं जेवत्यात. कुणी लातूरकडचं, कुणी कोकणातलं, आई-बाप लांब. कुणाची नोकरी जाती, कुणाचं लगीन मोडतं. चार दिस रडत्यात, आमच्याजवळ बोलत्यात, पुन्यांदा उभी राहत्यात. आन् तुमचं? एका पेपरात पडलं!’’

‘‘मला वाटलं,’’ खासनीस म्हणाले, ‘‘लोक हसले तर खचेल तो. म्हणून झाकलं.’’

‘‘त्याला झाकलं, का सोताला?’’ दौलतराव पहिल्यांदाच बोलले.

‘‘आवो, पडू न देनं म्हंजी बळ देनं न्हवं,’’ मंजुळाबाई म्हणाल्या. ‘‘पोरं पडनारच. पडल्यावर रडत घराकडं पळत येता आलं पायजे, त्येचं नाव बळ! तुमी तर त्येला पडला म्हणायचीबी चोरी केली. मग त्यानं रडावं कुठं? माझ्या ओट्यावर?’’

उद्धवराव दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले. त्यांच्याही घरी नववीतली मुलगी होती.

तासाभरात खासनीस आणि पद्मजाबाई त्या दोघांबरोबर दापोडीला पोचले. सुरेंद्र खानावळीच्या ओट्यावर गुडघे जवळ घेऊन बसला होता, शेजारी ज्योतीराम विडी न ओढता इमानानं बसला होता. वडिलांना पाहताच मुलगा ताडकन उठला. तो असा पांढरा पडला, की जणू मेलेला माणूसच समोरून चालत आला! मेलेलाच नव्हता का तो, त्याच्या हिशेबी?

‘‘बाबा, मी... त्यांना मी तसं...’’

‘‘बस,’’ खासनीस म्हणाले, आणि त्याच्याशेजारी ओट्यावर टेकले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो जूनमध्ये विचारायचा राहिला होता.

‘‘गणिताच्या पेपरला काय झालं होतं रे?’’

सुरेंद्रनं वर पाहिलं. वडील थट्टा करतायत का, हे त्यानं नीट पाहून घेतलं. मग तुटक तुटक सांगू लागला. पहिलंच गणित अडलं. हाताला घाम आला. समोरचे आकडे दिसेनासे झाले. निकालाला बाबा वाटणार ते पेढे तेवढे डोळ्यांपुढे दिसले. नंतर दीड तास तो नुसता बसून होता. खासनिसांना मधे चार वेळा बोलावंसं वाटलं. चारही वेळा त्यांनी ओठ दाबून धरले. एवढं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

‘‘आणि... बाबा नाहीत असं का सांगितलंस?’’ हे त्यांनी ओट्याकडे बघत विचारलं.

‘‘आहेत म्हटलं असतं, तर मावशी म्हणाल्या असत्या, मग जा, त्यांना सांग.’’

पद्मजाबाईंनी मुलाला जवळ ओढलं. त्याला मिठीत घेऊनच त्यांनी विचारलं, काल मावशीला जे म्हणालास, ते पुन्हा मनात आलं तर मला उठवशील? मध्यरात्र असली तरी? त्यानं मान हलवली.

‘‘पण गणपतीतल्या सत्काराचं काय?’’ त्यानं आईच्या खांद्याआडून विचारलं.

‘‘सांगून आलो सगळ्यांना.’’

‘‘सगळ्यांना? उद्धवकाकांना पण?’’

‘‘अख्ख्या जिन्याला. बनियनवर.’’

सुरेंद्र आ वासून वडिलांकडे पाहत राहिला. मग त्याला हुंदका आला. हुंदक्यातच मधे हसू फुटलं, पुन्हा हुंदका आला. मंजुळाबाईंनी पाठ फिरवली आणि विनाकारण चुलीवरचं झाकण उघडून पाहिलं.

सुरेंद्र ऑक्टोबरला बसला. गणितात चाळीस पडले. त्या चाळिसांत खासनिसांनी एकही आकडा आपल्या पदरचा घातला नाही, हे कॉलनीत आजही कुणाला पटत नाही. हल्ली ते संध्याकाळी मुलाला मार्क विचारत नाहीत, ‘‘आज काय जड गेलं?’’ असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. कधी कधी उत्तर येत नाही. तरी थांबतात.

तेव्हा नागरिकहो, आपलं मूल वेळेवर घरी येतं, डबा खातं, उलट बोलत नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. हसणारं मूल गप्प झालं, खेळणारं मूल खेळायचं थांबलं, तर त्याच्याजवळ बसा. ते ‘मी नसलो तर काय अडतं’ असं बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याच क्षणी सांगा, फार अडतं! त्याला एकटं सोडू नका, आणि चार शहाण्या माणसांची, डॉक्टरची मदत घ्यायला लाजू नका. मुलांना कणखर करायचं तर त्यांचं अपयश पदराखाली लपवून भागत नाही. ते उघड्यावर, त्यांच्या सोबतीनं पेलावं लागतं. चारचौघांत आपली मान थोडी खाली गेली तर जाऊ द्या. संकटात सापडलेल्या पोराला पहिली आठवण आपली यायला हवी. तेवढ्यापुरते तरी आईबापांनो, जिवंत राहा!