आत्याला जमलं तर घ्या

आमच्या साप्ताहिकात माझं एक सदर चालतं. बाजारात आलेली नवी यंत्रं आणि नव्या वेबसाइट साध्यासुध्या माणसांना समजावून सांगायच्या, एवढंच त्याचं काम. अशी सदरं ढिगानं निघतात, म्हणून मी माझ्या सदरात आत्या घातली.

आत्या पंचवीस वर्षं शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. नियम असा, की सोमवारी सकाळी मी नवं यंत्र तिच्या घरी ठेवून जायचं आणि तिनं खोक्याला हात लावायचा नाही. मंगळवारी चार वाजता मी जायचं, घड्याळ लावायचं, आणि तिनं खोकं उघडून, वेबसाइटवर नाव नोंदवून, माझ्या मदतीशिवाय ते सुरू करायचं. पंधरा मिनिटांत झालं तर वाचकांनी घ्यावं, नाहीतर दुकानातच राहू द्यावं. सदराचं नावच मुळी ‘आत्याला जमलं तर घ्या’.

पहिल्या तीन यंत्रांनी तिला चांगलंच रडवलं. पुढे मात्र तिचा असा काही हात बसला, की मीच तोंडात बोट घातलं. कॅमेऱ्याची दारावरची घंटा बारा मिनिटांत, फोटो बदलत राहणारी चौकट नऊ मिनिटांत. मी कॉलर ताठ करून लिहीत सुटलो.

एका सोमवारी, आत्याकडे खोकं ठेवून ऑफिसात पोचतो न पोचतो तोच संपादकबाईंनी बोलावलं आणि पत्रांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात टाकला. वरचं पत्र एका निवृत्त पोस्टमनचं होतं. ‘तुमचं वाचून फोटोंची चौकट आणली. तीन दिवस झाले, काळीच आहे. आत्याबाईंना नऊ मिनिटांत जमलं, म्हणजे खोट माझ्याच डोक्यात असणार. आता मी घरातल्या कशालाच हात लावत नाही.’

“अशी चौदा आहेत,” बाई म्हणाल्या. “आपण लोकांची भीती घालवतोय की वाढवतोय?”

“बाई, एक अक्षर खोटं नाही. घड्याळ मी स्वतः लावतो.”

“मग परवा ते इथं लावा. या चौदा जणांना बोलावते. यंत्रही मीच आणते. आत्या खरी निघाली तर सदर चालू, नाहीतर बंद.”

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. “खुशाल बोलवा,” म्हणालो, वरचं पत्र खिशात कोंबलं आणि तसाच आत्याकडे निघालो.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत जेवणाच्या टेबलावर मी सकाळी ठेवलेलं खोकं पोट उघडं टाकून पडलेलं. त्याचं सील अलगद सोडवून खुर्चीच्या पाठीला चिकटवून ठेवलेलं, म्हणजे परत लावता यावं. आत्या चष्मा नाकावर ओढून कंपनीच्या वेबसाइटवरच्या मदतीच्या खिडकीत टाइप करत होती, ‘मला वेडी समजू नका, पण तुम्ही म्हणता ते हिरवं बटण मुळात नाहीच.’ शेजारी एक आलेखाची वही. तिच्यात एकेका यंत्राची आकृती, ब्लाउजचं कटिंग काढावं तशी, बाण आणि मापांसकट.

“आत्या, हे काय चाललंय?”

“अभ्यास,” ती म्हणाली. मला बघून दचकलीसुद्धा नाही.

“कधीपासून?”

“चौथ्या यंत्रापासून. त्या चौकटीला मी सोमवारी चार तास घेतले. नऊ मिनिटं ती मंगळवारची.”

“अगं, लोक तुझ्या भरवशावर यंत्रं घेतात. तोंडघशी पाडलंस मला. का केलंस असं?”

तिनं चष्मा काढून वहीवर ठेवला. “तिसऱ्या यंत्राच्या वेळी पासवर्ड पुन्हापुन्हा मागत होतं, आठवतं? तू काही बोलला नाहीस. पण खुर्चीत चुळबुळ करत होतास आणि नाकातून असा श्वास सोडत होतास, की मला साधी अक्षरं सापडेनात. मी शेकडो मुलींना सुईत दोरा ओवायला शिकवलं रे. एकीच्याही मागे उभं राहून असा श्वास सोडला नाही. मग म्हटलं, आधी एकटीनं करून बघावं. मंगळवारी तू येतोस ते मला आवडतं. त्यात भांडण कशाला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातून पोस्टमनचं पत्र काढून तिला वाचून दाखवलं आणि परवाचंही सांगितलं.

तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, “त्या माणसाला मी फसवलं. येते मी. आणि या वेळी अभ्यास नाही.”

बुधवारी आमच्या बैठकीच्या खोलीत चौदाच्या चौदा हजर होते. पोस्टमन पहिल्याच खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर पिशवी. संपादकबाईंनी टेबलावर मनगटात घालायचा, पावलं मोजणारा पट्टा ठेवला. मी घड्याळ लावणार, एवढ्यात आत्या उभी राहिली.

“आधी एक सांगते. आतापर्यंत मी आदल्या दिवशी चोरून सराव करून बसत होते. याला माहीत नव्हतं. चूक माझी आहे.”

खोलीत कुजबुज झाली. संपादकबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी छतावरचा पंखा न्याहाळू लागलो.

“पण का हो?” पोस्टमननी विचारलं.

“शेजारी बसलेला माणूस वैतागला, की मला काही सुचत नाही.”

मग पोस्टमन म्हणाले, “माझ्याकडे जावई आहे.”

“माझ्याकडे सून,” मागून एक बाई म्हणाल्या.

“आमचा मुलगा तर हातातून माउसच काढून घेतो.”

बघता बघता खोलीत हशा पिकला. मीही हसलो, पण कान तापले होते.

मग घड्याळ लागलं. वेबसाइटला पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं होतं, एक आकडा हवा होता, एक चिन्ह हवं होतं, आणि सगळं दिलं तरी ते नको होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, श्वास रोखून बसलो. रोखलेला श्वाससुद्धा दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. अकराव्या मिनिटाला आत्यानं माउस बाजूला सारला.

“संपादकबाई, याला जरा बाहेर पाठवता? मुलगा गुणी आहे, पण बाहेर जास्त बरा.”

मी निमूटपणे व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

“सिग्नल असलेले चौकोन निवडा म्हणतंय. खांब धरायचा की नुसता दिवा?” आत्यानं विचारलं.

खांबावरून दोन तट पडले. पोस्टमन खांबाच्या बाजूनं होते. खांब धरला, चुकलं, सगळे खो खो हसले आणि नवे चौकोन आले. कोणी खुर्ची पुढे ओढली, कोणी आत्याची वही मागून घेऊन त्यात बाण काढले. घाई कोणालाच नव्हती. आत्याला इतकं मोकळं हसताना मी त्या मंगळवारांत कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही.

दार उघडलं तेव्हा पट्टा पोस्टमनच्या मनगटावर होता. ते टेबलाला फेऱ्या मारत होते आणि बाकीचे त्यांची पावलं मोठ्यानं मोजून पट्ट्याचा हिशेब तपासत होते. फेरी संपल्यावर त्यांनी पिशवीतून ती काळी चौकट काढून आत्यापुढे ठेवली. “आता हिच्याकडे बघू,” म्हणाले.

“बावन्न मिनिटं,” संपादकबाई म्हणाल्या. “म्हणजे नापास?”

“यंत्र नापास,” आत्या म्हणाली. “आम्ही पास.”

बाईंना हसू आवरेना. “सदर चालू ठेवा,” त्या मला म्हणाल्या. “पण पुढच्या परीक्षा इथंच, सगळ्यांसमोर. आणि तुम्ही दाराबाहेर.”

मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून लगेच लिहायला घेतलं. आत्याला विचारून आधीच्या यंत्रांची खरी वेळ लिहिली, चौदा जणांची माफी मागितली, पासवर्ड कसा करायचा आणि खांबाचं काय करायचं तेही सांगितलं. आणि सगळ्यात खाली लिहिलं, ‘या पट्ट्याला बावन्न मिनिटं लागली. त्यातली पहिली अकरा मी शेजारी बसलो होतो म्हणून वाया गेली.’