दोन हातांचं रक्त

कृष्णकांत सरांनी अहवालावर लाल शाईने 'नमुना दूषित' असं लिहून कागद पुढे सरकवला. वसुधाने तो उचलला नाही. ती टेबलापाशी तशीच उभी राहिली.

"बोला," सर म्हणाले.

"सर, बाटलीत यीस्ट वाढलंय. रक्तात बुरशी दिसली आणि आपण ती चुकून आली म्हणून सोडून दिली, हे मला पटत नाही."

"मलाही पटत नाही. पण रक्त काढलंय सलाइनच्या नळीतून, आणि आलंय बर्फात बसून. बुरशी पेशंटच्या रक्तात आहे की नुसती नळीत, सांगता येईल तुम्हाला? या आजाराचं आपल्याकडे एकच औषध आहे आणि ते मूत्रपिंडं जाळतं. अशा पुराव्यावर मी ते द्या म्हणणार नाही."

सरांचं काही चुकत नव्हतं, आणि वसुधाला तेच बोचत होतं. चंडीगडच्या या मोठ्या वैद्यकीय संस्थेत बुरशीच्या आजारांच्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं काम करत होती. नमुना नीट नसेल तर पुढची सगळी हुशारी वाया जाते, हे ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना घोकून घोकून सांगायची.

नमुना डेराबस्सीहून आला होता. तिथे डॉ. श्यामसुंदर गोयल यांचं दहा खाटांचं नर्सिंग होम होतं आणि त्यातल्या एका खाटेवर सुरिंदर कौर नावाची प्राथमिक शाळेतली शिक्षिका अठरा दिवस पडून होती. बाजारात भाजी घेत असताना गोळीबार झाला आणि एक गोळी तिच्या पोटात शिरली. गोयलांनी आतडं शिवून तिला वाचवलं. पण आठव्या दिवशी ताप चढला तो उतरायचं नाव घेईना. गळ्याजवळच्या शिरेत नळी, नळीतून सलाइन, सलाइनमधून एकामागून एक अँटिबायोटिक. ताप आपला होता तिथेच.

वसुधाने गोयलांना फोनवर दोनदा सगळं समजावलं होतं. नळीतून रक्त काढू नका, बर्फ लावू नका, थंडीने नमुना बिघडतो. तिथल्या नर्सने मान डोलावली असणार, पण रक्त ठेवायचं ते थंडच, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. दुसरा नमुनाही बर्फातच आला.

"मीच जाऊन काढून आणते," वसुधा म्हणाली.

"उद्या पंजाब बंद आहे."

"म्हणूनच. उद्या तिकडून कोणी यायचं नाही. आणि परवापर्यंत ती बाई थांबेल का, ते मला माहीत नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला, मग संस्थेच्या कागदावर तिच्या नावाचं पत्र टाइप करून घेतलं, सही केली आणि शिक्काही मारला.

नव्वद सालचा जानेवारी होता तो, पंजाबात दहशतीचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी धुकं हटत नव्हतं. वसुधाचा नवरा माधव विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायचा. त्याने स्कूटर तिरकी करून दोनदा किक मारली आणि म्हणाला, "वसू, परत येताना बाटल्या कशात ठेवणार? डिकीत तर बर्फच होईल त्यांचा."

"माझ्या अंगाशी. स्वेटरच्या आत."

"आणि नाक्यावर कोणी विचारलं, शालीखाली काय आहे म्हणून?"

"खरं काय ते सांगीन."

माधव हसला. आणि त्याने स्कूटर डेराबस्सीच्या रस्त्याला लावली.

नर्सिंग होममध्ये सुरिंदर कौर जागी होती. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले, पण नजर वर्गात उशिरा आलेल्या पोरीकडे पाहावं तशी. तिने पंजाबीत विचारलं, "आणखी एक सुई?"

"दोन," वसुधा म्हणाली. "एक या हाताला, एक त्या हाताला. दोन्हींकडून एकच उत्तर आलं, तर आपल्याला खात्रीने औषध देता येईल. आणि बहुतेक तसं उत्तर मिळेलच."

"एवढा भरवसा?"

"माझ्या कामाचा आहे."

बाई थोडी हसली आणि तिने उजवा हात पुढे केला.

वसुधाने हात धुतले आणि हातमोजे घातले. गोयलांच्या नर्सला, कांचनला, तिने शेजारी उभं केलं आणि एकेक गोष्ट सांगत सांगत करत गेली. दंडाला रबरी पट्टा. बोटाने चाचपून शीर शोधायची. आधी स्पिरिट, मग आयोडीन, मध्यापासून बाहेर गोल गोल. त्यानंतर थांबायचं. कांचनने सुईकडे हात नेला, तसं वसुधाने तिला अडवलं.

"वाळू दे. ओलं असताना सुई घातली, तर पुसण्याचा उपयोग काय? आयोडीनला त्याचं काम करू दे."

दोन मिनिटं तिने आयोडीन वाळू दिलं. मग सुई गेली, पहिल्याच खेपेला. गडद लाल रक्त सिरिंजमध्ये सावकाश चढलं. बाटलीचं रबरी बूच तिने आधीच स्पिरिटने पुसून ठेवलं होतं. नव्या सुईने त्यातून रक्त आत सोडलं आणि बाटली जोरात न हलवता, नुसती कलंडवून मिसळली. बाटलीवर नाव, तारीख, वेळ आणि 'उजवा हात' असं लिहिलं. मग डावा हात, पुन्हा पहिल्यापासून सगळं, नवी सिरिंज, नवे हातमोजे. डाव्या हाताची शीर दगा देऊ लागली, तेव्हा तिने सुई काढली, जागा बदलली आणि पुन्हा दोन मिनिटं थांबली. घाई तिने केली नाही.

परतीच्या वाटेवर, चंडीगडची हद्द लागायच्या जरा अलीकडे, धुक्यातून अचानक पिंपांची रांग आणि रायफली दिसल्या. माधवने स्कूटर थांबवली. एका जवानाची नजर वसुधाच्या शालीवर गेली. छातीपाशी दोन उंचवटे, आणि तिने ते दोन्ही हातांनी धरलेले.

"हाथ ऊपर!"

बाजूच्या दोन जवानांनी बंदुका उचलल्या. माधवचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवसांत रेडिओत, डब्यात, कशातही बॉम्ब निघत. जवानांची भीती काही खोटी नव्हती.

वसुधाने हात वर केले. "मैं डॉक्टर हूँ," ती शांतपणे म्हणाली. "स्वेटर के अंदर काँच की दो बोतलें हैं, उनमें मरीज़ का खून है। आप कहेंगे तो मैं निकालूँगी, धीरे से।"

अधिकारी पुढे आला. चाळिशीचा, डोळ्यांत झोप नसलेला. त्याने तिच्या पिशवीतलं सरांचं पत्र काढून वाचलं, शिक्का उजेडाकडे धरून पाहिला आणि मान हलवली. "निकालिए।"

तिने एकेक बाटली काढून दाखवली. कलंडवली की आतलं पातळ हलायचं आणि एका बाजूचा घट्ट थर, ज्यावर बुरशी वाढायची, तो जागेवर राहायचा.

"एक खोलिए।"

"नहीं," वसुधा म्हणाली.

माधवने डोळे मिटून घेतले.

"खोली तो बाहर की हवा अंदर जाएगी, और ये खून किसी काम का नहीं रहेगा। मुझे वापस डेराबस्सी जाकर उस औरत को फिर सुई लगानी पड़ेगी। उसके पेट में गोली लगी थी, साहब। आपको यकीन नहीं, तो आप मेरे साथ लैब चलिए। मैं आपके सामने रखूँगी।"

अधिकारी तिच्याकडे बघत राहिला. ही बाई घाबरलेली नाही आणि उद्धटही नाही, एवढं त्याला दिसलं असावं. त्याने एका जवानाला हाक मारली. "मैडम को जीप में ले जाओ। लैब तक। अपनी आँख से देखकर आना।"

अशी वसुधा पोलिसांच्या जीपमधून संस्थेत आली आणि मागून माधव स्कूटरवर. जवान तिच्यासोबत जिना चढला, इन्क्युबेटरचं दार उघडलेलं पाहिलं, दोन बाटल्या आत ठेवलेल्या पाहिल्या, आत हात घालून ऊब पाहिली आणि विचारलं, "इतनी सी बात?"

"इतनी ही," ती म्हणाली. तो गेल्यावर ती स्टुलावर बसली. माधवने कॅन्टीनमधून चहा आणला. तो पिता पिता तिने बाटल्यांची नोंद वहीत केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाटल्यांच्या घट्ट थरावर पांढरे, साईसारखे ठिपके उमटले होते. तिने स्लाइड केली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि कृष्णकांत सरांना बोलावलं. यीस्टच्या गोल, अंकुर फुटलेल्या पेशी. उजव्या हाताच्या रक्तात त्याच, डाव्या हाताच्याही त्याच. सरांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"फोन मी करतो," ते म्हणाले. "निदान तुमच्या नावानं सांगतो."

गोयलांनी गळ्याची नळी त्याच दिवशी काढली. औषध सुरू झालं, थेंब थेंब, पाच-सहा तास. सुरिंदर कौरला प्रत्येक वेळी हुडहुडी भरायची. पाचव्या दिवशी मूत्रपिंडाचे आकडे वाढले, म्हणून मात्रा कमी करावी लागली. वसुधा रोज फोन करायची. नवव्या दिवशी कांचनने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं, "मॅडम, ताप निन्यानवे!"

मार्चमध्ये शेवटच्या तपासणीसाठी सुरिंदर कौर स्वतः चालत प्रयोगशाळेत आली, काठीशिवाय. वसुधाने रक्त घेतलं. टेबलावर एक कागद पडला होता, बाहेरच्या नर्सिंग होमांना पाठवायच्या सूचनांचा, इंग्रजीत. सुरिंदरने तो उचलून वाचला.

"हे तिथल्या पोरींना वाचता येत नाही, डॉक्टर जी. मला कोरा कागद द्या."

तिने खुर्ची ओढली आणि गुरुमुखीत लिहायला घेतलं, फळ्यावर लिहावं तसं, सुटं सुटं आणि ठसठशीत. तिसऱ्या ओळीपाशी थांबून तिने मान वर केली.

"वाळू द्या म्हणता, ते का, हेही लिहू ना? कारण कळलं की मुलं विसरत नाहीत."

"लिहा," वसुधा म्हणाली, आणि स्टूल तिच्या शेजारी ओढून कारण सांगू लागली.