दारापर्यंतचा सिनेमा

माझा मामा कुठलाही सिनेमा शेवटपर्यंत पाहत नाही. कंटाळतो म्हणून नव्हे. सिनेमा आवडला असेल तर तो आणखी लवकर उठतो. पडद्यावर कुणी "तुला एक गोष्ट सांगायची राहिली" असं म्हणालं किंवा मागे व्हायोलिनं सुरू झाली, की मामा गुडघ्यांवर थाप मारून म्हणतो, "चला." मग मामी पर्स शोधते, मी चपला शोधते आणि आम्ही तिघं लोकांचे पाय तुडवत अंधारात बाहेर पडतो. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेले की मी चिकार सिनेमे बघायचे आणि एकाचाही शेवट मला माहीत नसायचा.

याला कारण एक जुना सिनेमा. आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही, 'दाराचा' म्हटलं की पुरतं. मामाने तो कॉलेजात असताना एकदाच पाहिला. नवरा घर सोडून गेलाय, बायको शिवणकाम करून एकटी राहते आणि एका दुपारी दार वाजतं. ती मशीनवरून उठते. कडीला हात लावते. खलास. 'समाप्त'ची पाटीसुद्धा नाही. पडदा पांढरा आणि दिवे लागले.

"दिग्दर्शकाने कडी आपल्या हातात दिली," मामा सांगतो. "उघडायची तर उघडा, नाहीतर बसा. याला म्हणतात प्रेक्षकावर विश्वास."

तो सिनेमा पुन्हा कुठे लागला नाही. त्याच्या प्रती खराब झाल्या असं सगळे धरून चालले. मामाने मात्र त्या शेवटाची फूटपट्टी करून पुढचे सगळे सिनेमे मोजले. ज्यांना वेळेवर थांबता येत नाही त्यांना तो स्वतःच थांबवतो, उठून.

थांबवणं हा त्याचा धंदाही आहे. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याचा आणि एक शेजारी बसलेल्या मामाच्या पायाखाली. त्या पायाला आता सवय झालीय. थिएटरात एखादा प्रसंग लांबला की मामाचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो.

आमच्या गावातलं चित्रपट मंडळ वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतं. मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत आणि ते नव्या सिनेमांचे कट्टर भक्त. दोघांचं कधी पटत नाही. गेल्या महिन्यात एका दरोड्याच्या सिनेमावरून जुंपली होती.

"कॅमेऱ्याला मुंग्या चावल्यात," मामा म्हणाला. "एका जागी बसवत नाही त्याला."

"अहो, ती अस्वस्थता आहे! शैली आहे ती!"

"आणि ते संगीत? सारखं कोपराने ढोसतंय, आता रड, आता घाबर. मला कळतं कधी रडायचं ते."

"तुम्हाला काय कळणार? तुम्ही शेवटाला पार्किंगमध्ये होतात!"

याच डॉक्टरांनी कुठूनशी 'दाराच्या' सिनेमाची दुरुस्त केलेली प्रत मिळवली आणि खेळाआधी बोलायला मामालाच बोलावलं. इतकी वर्षं मामा मंडळात खुर्चीतून, कुणी न विचारता बोलत आला. उभं राहून बोला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याने मामीला शर्ट इस्त्री करायला दिला, तोही चार दिवस आधी.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर मी सांभाळते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे कुठलीही वस्तू वापरण्याआधी तपासायची खोड आहे. शनिवारी कामावरून आल्यावर मी आवाज तपासायला फाइल उघडली. सुरुवात पाहिली, मधे थोडं पाहिलं, मग उत्सुकता आवरली नाही म्हणून शेवटाकडे गेले. ती बाई मशीनवर होती. दार वाजलं. ती उठली, कडीला हात लावला. मी पांढऱ्या पडद्याची वाट पाहिली.

तिने दार उघडलं.

बाहेर नवरा. दाढी वाढलेली. तो आत येऊन बसला आणि बोलायला लागला तो थांबेचना. त्याला संसर्गाचा आजार झाला होता, तिला लागू नये म्हणून तो निघून गेला होता, आता बरा झालाय. हे त्याने आधी सांगितलं आणि मग सिनेमाने तेच सगळं दाखवलंही. व्हायोलिनं होती. एक गाणं होतं. दोघं एका टेकडीवर गेली, सूर्य उगवला आणि सूर्याच्या मधोमध वेलबुट्टीच्या अक्षरांत 'समाप्त' आलं.

दुसऱ्याच सिनेमाचा तुकडा चुकून जोडला असेल म्हणून मी मागे जाऊन पाहिलं. तीच बाई, बाहीला तेच ठिगळ, भिंतीवर तोच पोपडा. शंकेला जागा नव्हती.

मी उठले, बसले, पाणी प्यायले, पुन्हा उठले. मग मामाच्या घरी गेले. मामा क्लासला गेला होता. मामी इस्त्रीवर होती.

"उघडलं तिने?" मामीने इस्त्री उभी केली. "मी काय म्हणत होते! दार वाजल्यावर कोणती बाई कडी धरून उभी राहते? दूधवाला असता तर?"

"मामी, मामा उद्या सगळ्यांसमोर त्या शेवटावर बोलणार आहे. डॉक्टर त्याला सोडतील का?"

मामीचं हसू ओसरलं. "मग त्यांना आधी सांग."

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी जिंकले म्हणून सांगतेय." तिने कॉलर पुन्हा एकदा दाबली. "आणि मला थोडं तसं वाटेलही. तूच सांग."

रविवारी सकाळी मी क्लासच्या गाडीत मागे जाऊन बसले. स्टिअरिंगवर एक नर्स होती, शिकायला लागून फार दिवस न झालेली. मामा रंगात होता.

"क्लच सोडा, सिस्टर, हळू. हां. तर तो पोहणाऱ्या मुलीचा सिनेमा घे. पहिला तासभर काय सुंदर! बोलतच नाही कुणी. नुसतं पाणी. आणि मग तो कोच तिला भाषण द्यायला लागला. आरसा बघा, सिस्टर. मागचा, स्वतःचा नाही."

"मामा, मला एक सांगायचं होतं."

"मी तिथेच उठलो. तू होतीस की. जुने सगळे चांगले असं माझं म्हणणं नाही हां. तो टांगेवाल्याचा बघ, अर्धा सोनं आणि अर्धा नुसती गाणी. पण 'दाराचा'..."

"मामा, ती दार उघडते."

"कोण?"

"शिवणारी बाई. मी काल फाइल तपासली. दारानंतर सिनेमा अजून बराच आहे."

गाडी गचकन थांबली. मागच्याने हॉर्न मारला.

"माझं काय चुकलं?" नर्स घाबरून म्हणाली.

"तुमचं काही नाही," मामा म्हणाला. त्याचा पाय ब्रेकवरच होता. "बाजूला घ्या. इंडिकेटर द्या. शाब्बास."

गाडी बाजूला लागली. मामा समोरच्या काचेतून बघत राहिला.

"तेव्हा दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट चालायची," तो म्हणाला. "इथलं रीळ संपलं की सायकलवरून तिकडे, तिकडचं इकडे. त्या दिवशी दिवे लागल्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या, खुर्च्या आपटल्या होत्या. मला वाटलं, अडाणी आहेत."

"मग सायकल..."

"पंक्चर झाली असणार." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "पुढे काय होतं? नको, सांगू नकोस. वाईट आहे?"

मी सीटचा पट्टा उगाच घट्ट केला.

"समजावून सांगतात?"

"बरंच."

नर्सने हळूच विचारलं, "नवरा परत येतो का?"

"सिस्टर, तुम्ही पुढे बघा," मामा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुझ्या त्या मशीनवर दारापाशी बंद करता येईल?"

"येईल. एक बटण आहे. पण मामा, अर्धी भरलेली बाटली आली तर आम्ही नमुना परत पाठवतो. त्यावर अहवाल देत नाही."

"हे पाणी नाही." त्याने ब्रेकवरचा पाय काढला. "मी हात वर केला की बंद कर. बाकी मी बघतो."

दुपारी हॉल भरला. मामी पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. मामा उभा राहिला. त्याचं भाषण आम्हा सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे तो काय गाळतोय तेही मला कळत होतं. कडी गाळली. विश्वास गाळला. शिलाई मशीनच्या आवाजावर बोलला, प्रकाशावर बोलला, मग अडला. "शेवटाबद्दल नंतर बोलू," म्हणाला आणि मागे माझ्या टेबलाशेजारी येऊन बसला.

"नंतर?" डॉक्टर पुढून वळून म्हणाले. "तुम्ही नंतर असता कधी?"

लोक हसले. मी दिवे घालवले.

सिनेमा खरंच सुंदर आहे. मी आदल्या दिवशी तुकडे पाहिले होते, सलग पाहिल्यावर कळलं मामा कशाने इतका पेटला होता ते. पण माझं लक्ष पडद्यावर ठरेना. एक बोट त्या बटणावर, एक डोळा मामाच्या हातावर. हात मांडीवर होते. पंखा कुरकुरत होता. मामा दर थोड्या वेळाने खुर्चीत सरकत होता, एकदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आला.

दार वाजलं.

बाई उठली. मामाचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, इतका की खुर्ची मागे सरकली. तिने कडीला हात लावला. मी मामाकडे पाहिलं. पाय पूर्ण दाबलेला आणि हात तसेच मांडीवर. मी कुजबुजले, "मामा?" त्याने ऐकलं नाही. तो पुढे वाकून, तोंड थोडं उघडं ठेवून बघत होता. तिने दार उघडलं, मी बोट उचललं.

टेकडी आली, सूर्य आला, 'समाप्त' आलं. पुढच्या रांगांत चार-पाच जण डोळे पुसत होते. दिवे लागले आणि डॉक्टर उभेच राहिले.

"काय हो! हा तुमचा विश्वास? एवढं तर माझा एकही नवा सिनेमा समजावून सांगत नाही!"

सगळे मागे वळले. मामा उठला. इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता.

"मी हा सिनेमा आजवर दारापर्यंतच पाहिला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी शेवटचं रीळ पोचलं नव्हतं. हे मला आज सकाळी कळलं." हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. "पुढचा भाग भिकार आहे. टेकडी तर फारच." तो थांबला. "पण तिचा हात कडीवर होता ना, तेव्हा मला उठवलं नाही. मला बघायचं होतं बाहेर कोण आहे ते."

"म्हणजे तुम्ही हरलात?" डॉक्टर म्हणाले.

"अहो, बसू द्या त्यांना," मामी पुढून म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा माणूस शेवटपर्यंत बसलाय, त्याचं कौतुक करा."

हॉल हसला. डॉक्टरही हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. थट्टेच्या की खऱ्या ते मला कळलं नाही.

वायरी गुंडाळून मी खाली आले तेव्हा मामा गाडीत बसला होता, पण गाडी चालू केली नव्हती. बोटांनी स्टिअरिंग वाजवत होता. मामी शेजारच्या सीटवर होती, शिकवणाऱ्याच्या. मी मागे बसले.

"ती पोहणारी मुलगी," मामा म्हणाला. "शेवटी पाण्यात उतरते का?"

"मला काय माहीत? तूच मला बाहेर काढलंस."

"आणि त्या दरोड्यातला म्हातारा? मरतो?"

"कुणास ठाऊक."

तो पुटपुटत एकेक नाव घ्यायला लागला. प्रत्येकाची कथा त्याला कुठपर्यंत माहीत होती आणि पुढे काय ते तिघांनाही माहीत नव्हतं. मामीने वैतागून पर्स मिटली.

"पोहणारीचा लागलाय अजून?" त्याने विचारलं.

मी फोन काढून पाहिलं. "संध्याकाळचा आहे. आत्ता निघालो तर मिळेल."

मामाने किल्ली फिरवली. "वाईट असला तरी उठायचं नाही," तो म्हणाला. "तो कोच बोलायला लागला तरी."

"पाय?" मामीने विचारलं.

"पायाचं मी बघतो," मामा म्हणाला. त्याने गाडी दामटली. पुढचा सिग्नल अजून हिरवा होता, तरी मामीनेच घाबरून आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.