सहा जणांच्या नावावर लागलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे आणि सध्या पडवळाच्या मांडवाला टांगलेली आहे. सीडीवर भरलेली वेबसाइट वाचणार कोण? सीडी उन्हात चमकते, पाखरं बिचकतात, एवढाच माझा उपयोग उरलाय. वारा आला की गरगर फिरते. स्वस्थता अशी नाहीच. खरं सांगायचं तर ती मला कधीच नव्हती.

माझा जन्म २००२ सालचा, रत्नागिरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमधला. मला दमयंतीने बनवलं. ती लांज्याहून रोज एसटीने यायची. तिची आई गंगा काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. टरफलाच्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती, ती धुऊन जात नव्हती. घरात ठरलं होतं, उन्हाळ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर दमयंतीनेही कारखान्यात बसायचं. म्हणजे मी नुसती हौस नव्हते. तिची बोटं काळी होणार की नाही, हे माझ्यावर होतं.

चार महिने तिने मला घडवलं. मशीन एक तास मिळायचं, म्हणून पानं आधी वहीत आखून आणायची. माझी बटणं माउस नेला की रंग बदलायची. लांज्याच्या स्टँडचं वेळापत्रक एका पानावर होतं. दुसऱ्या पानावर कच्ची बी भाजून, फोडून, सोलून गर कसा होतो ते चित्रांनी दाखवलेलं. आणि 'माझ्याविषयी' या पानावर तिने इंग्रजीत लिहिलं होतं : माझी आई काजूच्या कारखान्यात काम करते, हे काम मी तिच्याकडून शिकले.

मुकुल सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, मला बघितलं आणि भरभरून कौतुक केलं. लगेच मला सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकलं. "संदर्भासाठी घ्या रे," म्हणाले.

संदर्भ! कॉलेजात सिनियरची जर्नल समोर ठेवून उतरवतात ना, तसंच झालं. सरांना हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. ठाण्याची एक कंपनी मुलं निवडायला येणार होती, आणि नोकरी लागलेल्यांच्या फोटोंनी क्लासची भिंत सजवायला सरांना वेबसाइटी हव्या होत्या. आठवड्याभरात माझ्या पाच नकला झाल्या. नाव बदललं, फोटो बदलला, की झालं काम.

"काय गो दमे, रागावलीस?" वेदिका म्हणाली. तीही उतरवणाऱ्यांतलीच. "एवढी छान केलीस म्हणून तर घेतली."

"घ्या बाय," दमयंती म्हणाली. तिथेच तिची चूक झाली. चांगुलपणाला लोक 'चालतंय' समजतात.

मुलाखतीच्या दिवशी कंपनीच्या वैदेही मॅडम आल्या. क्लासच्याच मशीनवर एकेकाला बोलावलं. पहिलीने मला उघडलं. दुसऱ्याने मला उघडलं. तिसऱ्याने उघडल्यावर मॅडमनी चष्मा काढला.

"तुझीही आई काजूच्या कारखान्यात?"

"हो मॅडम," तो म्हणाला. त्याची आई शाळेत मुख्याध्यापिका होती. मुलांना ते वाक्य बदलायचीही फुरसत नव्हती! चौथी वेदिका. तिचीही आई काजूतच. मॅडम हसू लागल्या.

पाचवा सागर. हा बागायतदाराचा मुलगा, डोक्याने तल्लख, पण ते डोकं कामाला कमी लावायचा. त्याने तेवढी एक ओळ बदलली होती : माझ्या वडिलांची आंब्याची बाग आहे. इंग्रजीही फाडफाड. मूळ वेबसाइट याचीच, बाकीच्यांनी उतरवली, असं मॅडमनी धरलं आणि त्यांना हायसं वाटलं.

दमयंती सहावी. तिची एसटी उशिरा आली होती. ती पान उघडते तोच मॅडम म्हणाल्या, "पुरे. तुमच्या सगळ्यांच्या आया काजूच फोडतात का?"

पोरं फिसकन हसली.

"सगळ्यांच्या नाही, मॅडम. माझी."

"हे आधी चौघं म्हणून गेले."

दमयंतीने सरांकडे बघितलं. सर पंख्याकडे बघत होते.

नोकरी सागरला लागली. खरी ओळ खोटी ठरली आणि बदललेली ओळ निवडली गेली.

"सर, तुम्ही बोलला का नाहीत?" सगळे गेल्यावर तिने विचारलं.

"अगं, बोललो असतो तर क्लासची अब्रू गेली असती. एकाला तरी लागली ना?"

ती मशीनवर बसली आणि सगळ्यांच्या फोल्डरांतून मला पुसून टाकलं. रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. मित्रांनो, जिने घडवलं तिनेच पुसलं, पण माझा तिच्यावर राग नाही. तिच्या जागी मी असते तर मशीनच फोडलं असतं.

उरले ते सागरने आधीच उतरवून घेतलेल्या सीडीवर, आणि त्याच्याबरोबर ठाण्याला गेले. तीन आठवड्यांनी त्याने क्लासमध्ये फोन लावला. मी त्याच्या समोरच टेबलावर होते.

"दमे, बाय माझे, ती रंग बदलणारी बटणं कशी केलीस गो? मॅडमना आज हवीत."

तिचा आवाज फोनबाहेर येत होता. "मॅडमना आधी सांग, वेबसाइट माझी नाही म्हणून. मग सांगते."

"असं काय करतेस?"

"मेल्या, माझी आई काढून तुझी बाग घातलीस, वर बटणं पण मागतोस?"

त्याने फोन ठेवला. काम जमेना, दीड महिन्यात तो घरी परतला, आणि मी त्याच्या परसात या मांडवाला लागले.

मित्रांनो, उतरवून परीक्षा पास होता येते. काम आलं की उतरवलेलं हात देत नाही. दुसऱ्याचं घ्याल तर ज्याचं आहे त्याचं नाव वर लिहा. आणि तुमचं कुणी घेत असेल तर लाजून 'घ्या' म्हणू नका, भांडा. मला सांभाळा असं म्हणत नाही. मला बनवणाऱ्यांना सांभाळा.

मी इथं आले त्यानंतर, उन्हाळा लागायच्या आत, एकदा वेदिका आली होती. सागरच्या आईशी बोलत होती.

"दमयंतीला लागली गो काकू, कोल्हापूरला. वेबसाइट नवीनच केलीन तिने. जुन्यातलं काहीच घेतलंन नाही."

काहीच नाही! आधी झोंबलं. मग वाटलं, बरं केलंस गो.

तुम्हाला ती कधी भेटली तर माझा विषय काढू नका. तिला काम असेल.