पांढऱ्या वाळूतला लाल चिखल

मित्रांनो, हिकरीच्या लाकडाची एक जुनी काठी तुमच्याशी बोलते आहे. आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही खरंच ऐकताय की नुसती मान डोलावताय, याचीसुद्धा मला शंका आहे. असो.

अमेरिकेत ओझार्कच्या डोंगरात एका सुताराने मला तासलं, तेल पाजलं, वर कातडी पट्टा लावला आणि खाली रबरी टोपण बसवलं. "अगदी सरळ काठी आहे," असं सांगून त्याने मला विकलं. मी सरळ नाही, मधे चांगली वाकलेली आहे. तेव्हापासून माणसं जे सांगतात ते मी ताडून बघते.

मला घेतलं ऑरिन लिंडक्विस्टने. तो नेब्रास्कातल्या एका शाळेची बस चालवायचा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तो आणि त्याची बायको व्हर्ला पिकअपच्या मागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरची झोपायची खोली, जोडायचे आणि एका राष्ट्रीय उद्यानातून दुसऱ्या उद्यानात डोंगरवाटा हिंडायचे. पुढच्या सीटवर नकाशा, पीनट बटरचे सँडविच आणि दोघांच्या मधे मी. काय दिवस होते ते!

प्रत्येक उद्यानाच्या दुकानात पत्र्याचा छोटा बिल्ला मिळतो. तो दोन बारीक खिळ्यांनी काठीवर ठोकतात. या दोघांचा नियम कडक होता. वाट शेवटपर्यंत चालून तिथे माझं टोक टेकलं, तरच बिल्ला. बॅडलँड्स उद्यानात एकदा गारांमुळे अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं, तर ऑरिनने तो बिल्ला तीन वर्षं पाकिटात ठेवला. पुन्हा जाऊन वाट पुरी केली, मगच ठोकला. संध्याकाळी व्हर्ला ओल्या फडक्याने माझं टोक पुसायची आणि मातीचा रंग बघून म्हणायची, "आज चांगलं चाललो हं!" शेजारच्या तंबूतली माणसं कॉफीचे पेले घेऊन माझे बिल्ले बघायला यायची. मी फुलून जायचे.

मग एका शरद ऋतूत ऑरिन एकटाच डॉक्टरकडे गेला. मी तिथे कोपऱ्यात उभी होते. डॉक्टर म्हणाले, "हृदय थकलंय. यापुढे चढ बंद. एखाद्या दिवशी वर गेलात तर खाली येणार नाही." घरी व्हर्लाने विचारलं तर हा म्हणतो, "अगं, एकदम ठणठणीत! डॉक्टरच माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो." त्याला भीती होती की खरं कळलं तर कॅम्पर विकला जाईल आणि भटकणं कायमचं संपेल. पण मला वेगळीच भीती होती. हा कधीतरी लाजेखातर खरंच चढेल आणि तिथेच पडेल.

पुढच्या उन्हाळ्यात युटाहमधल्या झायन उद्यानात गेलो. गाडीतून उतरताच व्हर्लाने कंबरेवर हात ठेवला. "ऑरिन, माझी कंबर धरलीय रे. आज इथेच बसूया."

"तू बस. मी पटकन जाऊन येतो," ऑरिन म्हणाला.

वाटेच्या पहिल्या वळणाआड गेल्यावर तो एका ओंडक्यावर बसला. दोन तास बसला! मग पाणी ओतून लाल माती कालवली आणि माझं टोक त्यात बुडवलं. उरलेला चिखल गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरला. व्हर्लाने टोक पुसलं. त्याने बिल्ला ठोकला. माझ्या अंगावर खोटा बिल्ला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असे चार बिल्ले झाले. प्रत्येक वेळी तीच डबी, तोच चिखल.

आता मला व्हर्लाचाही संशय येऊ लागला. सोमवारी ती डाव्या पायाने लंगडायची, बुधवारी उजव्या. आणि उद्यानाच्या दुकानात तर मुळीच लंगडायची नाही. हिला माझा कंटाळा आला असणार, कुणाला तरी देऊन टाकायचा डाव असणार, असं मी धरून चालले.

मग न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला आलो. जिकडे बघावं तिकडे मिठासारखी पांढरी वाळू. व्हर्लाची कंबर धरली. ऑरिन मला घेऊन एका टेकाडाआड बसला आणि सवयीने डबी काढली. अरे, बघ तरी कुठे बसलायस, असं मला ओरडावंसं वाटलं. पण काठी कशी ओरडणार?

परत आल्यावर व्हर्लाने फडकं घेतलं आणि थांबली.

"का रे, पांढऱ्या वाळूत लाल चिखल कुठून आणलास?"

ऑरिनने खिशात हात घातला. मग डबी तिच्यापुढे ठेवली आणि डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं.

व्हर्ला ताडकन उठली, तरातरा कचऱ्याच्या पिंपाकडे गेली, डबी आत भिरकावली आणि तशीच तरातरा परत आली.

"अगं, तुझी कंबर?"

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय!" ती रडतच म्हणाली. "जिन्याच्या चार पायऱ्या चढून धापा टाकतोस, मला दिसत नाही? मी बसले तर तूही बसशील म्हणून हे सोंग केलं. आणि तू मेल्या एकटाच निघून जायचास! दोन दोन तास गाडीत घड्याळाकडे बघत बसायचे मी. आज तू येतोस की उद्यानाचा रेंजरच येतो वाईट बातमी सांगायला, असं वाटायचं."

ऑरिनने तिचा हात धरला. खूप वेळ सोडला नाही.

मग त्याने स्क्रूड्रायव्हरने चारही खोटे बिल्ले उचकटले. मला दुखलं, पण बरं वाटलं. दोघं मिळून वाळूवर टाकलेल्या फळ्यांच्या सपाट वाटेने निघाले. थांबत, बसत, एकमेकांना टोमणे मारत शेवटपर्यंत गेले. तिथल्या वाळूत टेकून माझं टोक पांढरं झालं. तो बिल्ला खरा आहे.

चार बिल्ल्यांच्या खिळ्यांची भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते, घरातलं माणूस "मला काही झालं नाही" म्हणालं, तर माझ्यासारखा थोडा संशय घ्या. त्याच्या काठीचं टोक बघा. आणि मी जे करू शकले नाही तेवढं करा. तोंड उघडून विचारा.